पॉइंट टू-टू

पॉइंट टू-टूचं काडतूस तळहातावर घेतलं, तर वजन म्हणून काही जाणवतच नाही. जेमतेम इंचभर लांबीचं. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडात बसवलेली करड्या शिशाची गोळी आणि बुडाला बारीकशी कड. गोळी 40 ग्रेनची, आपल्या मापात अडीच ग्रॅमच्या किंचित वर. शिशावरून मेणाचा पातळ हात फिरवलेला असतो. पन्नासांची डबी हाताळून झाली की ते मेण बोटांवर उतरतं आणि नखांच्या कडांना काळी रेघ धरते. नव्या काडतुसाला वास असा नसतो. तो येतो बार उडाल्यावर. दिवाळीतल्या गंधकाचा ठसका त्यात नाही. थोडा करपलेला, थोडा तेलकट, नाकात रेंगाळणारा वास. पुंगळी उडून उजव्या हाताला पडते. ती उचलावी तर अजून गरम असते, आणि तिच्या कडेवर पिननं घेतलेला एक छोटासा चावा दिसतो.

हा वास मला पहिल्यांदा भेटला तो कॉलेजात, एनसीसीच्या कॅम्पवर. ताडपत्रीवर पालथं पडायचं, रायफलचा दस्ता खांद्यात रोवायचा आणि श्वास अडवायचा. आपल्याकडच्या कित्येक मुलामुलींनी आयुष्यातली पहिली आणि शेवटची गोळी अशीच झाडली आहे. समोर कागद, मागे ओरडणारे हवालदार आणि मोजून दिलेली काडतुसं. त्यांच्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजूनच परत घेतल्या जात. एखादी गवतात हरवली की सगळ्या मुली गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत. नेम किती लागला हे आज आठवत नाही. ती गवतातली शोधाशोध आठवते.

मधली सगळी वर्षं बंदुकीवाचून गेली आणि तिच्यावाचून काही अडलं नाही. आता टेक्सासात राहते, ऑस्टिनच्या पश्चिमेला, चुनखडीच्या टेकड्या आणि सीडरची खुरटी झाडं जिथं सुरू होतात तिथं. हरणं अंगणात येऊन गुलाब खातात. कुंपणापलीकडच्या बाईंनी ओळख झाल्यावर लवकरच विचारलं होतं, ‘तुमच्याकडे कुठली आहे?’ कुठली म्हणजे काय, हे कळायला मला क्षणभर लागला. एच-वन व्हिसावर होते तोवर उत्तर सोपं होतं. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर त्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाईच आहे. ग्रीन कार्ड आलं आणि ती आयती सबब गेली. आता आपल्याला हवंय का, एवढंच उरलं.

हवं होतं. घराच्या संरक्षणासाठी असं म्हटलं की इथं पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीही चारचौघांत तसं म्हणून मोकळी होते. खरं कारण एवढं भारदस्त नाही. मला पुन्हा एकदा नेम धरायचा होता.

दुकानात काचेच्या काउंटरखाली पिस्तुलं ओळीनं निजवलेली असतात, चापाभोवतीच्या कडीला दोऱ्यानं बांधलेली किमतीची चिठ्ठी. काउंटरमागच्या तरुणानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता एक छोटं रिव्हॉल्वर काढून पुढ्यात ठेवलं. आखूड नळीचं, पर्समध्ये मावणारं, हलकं, जांभळ्या मुठीचं. पॉइंट थर्टी-एट. ‘बायका हेच घेतात,’ तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण पहिल्यांदाच पिस्तूल हातात घेणाऱ्या बाईला असं शस्त्र देणं हा ह्या धंद्यातला सगळ्यांत वाईट सल्ला आहे, असं माझं आता ठाम मत आहे. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोरानं शस्त्र मागं येतं. ते हलकं असेल तर तो सगळा झटका अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात बसतो. नळी आखूड, म्हणजे नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी जवळजवळ. तिथली केसभर चूक समोर कागदावर वीतभर होते. चापही जड, ओढता ओढता हातच वळतो. पट्टीचे नेमबाजसुद्धा असलं रिव्हॉल्वर मौजेखातर तासभर उडवत बसणार नाहीत. आणि ते नवख्या माणसाला द्यायचं, का, तर ते दिसायला लहान आहे!

पहिल्या पिस्तुलाचं गणित नेमकं उलटं असतं. पिस्तूल मोठं हवं, गोळी लहान. किलोभर पोलाद हातात आणि त्यातून अडीच ग्रॅमचं शिसं बाहेर पडणार. मग हाताला जाणवतो तो झटका नव्हे, कुणी खांद्यावर बोट ठेवून हाक मारावी तेवढाच स्पर्श. पोलिसांपासून घरगुती वापरापर्यंत इथं ज्याचं राज्य आहे, त्या नऊ एमएमची गोळी साधारण तिप्पट जड असते, आणि डबीही जवळपास तिप्पट महाग. त्यामुळे एकाच पैशात पॉइंट टू-टूवर कितीतरी अधिक सराव होतो. ही कारणं कुणीही सांगेल. तिसरं कारण मला पुढे रेंजवर कळलं, आणि खरं तर तेच एकटं पुरेसं आहे.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला ब्राउनिंगची ‘बकमार्क’ होती. ह्या नावाशी मराठी माणसाची ओळख दुकानात होत नाही, शाळेतच होते. 21 डिसेंबर 1909, नाशिकचं विजयानंद थिएटर, ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग, कलेक्टर जॅक्सन आणि अनंत कान्हेरे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन ह्यांच्या हाती धाडलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं. इतिहासाच्या तासाला ते नाव आम्ही एका दमात घेत असू, जणू ब्राउनिंग हे शस्त्राचंच नाव. तो कोण माणूस होता, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. जॉन मोझेस ब्राउनिंग, जन्म 1855, यूटामधल्या ऑग्डेन गावच्या बंदूक-कारागिराचा मुलगा. त्याची पिस्तुलं बेल्जियमच्या कारखान्यात बनत आणि तिथंच, लिएजमध्ये, काम करता करता 1926 साली तो गेला. ह्याच माणसाच्या आराखड्यावरून कोल्ट कंपनीनं 1915 साली पॉइंट टू-टूचं एक सडपातळ पिस्तूल काढलं. पुढे त्याला ‘वूड्समन’ म्हणू लागले. अमेरिकेत दोन-तीन पिढ्यांची पोरं कुंपणाच्या खांबांवर रिकामे डबे ठेवून ते उडवत वाढली. नाशिकच्या खटल्यात पुरावा म्हणून आलेलं शस्त्र आणि ही डबे उडवायची मौज एकाच डोक्यातून निघाली! बकमार्क पुष्कळ नंतरची, 1985 सालची. तिच्यावर त्याचं फक्त नाव आहे. तरीही ती हातात घेताना मला आमच्या वर्गातला खडू आणि फळा आठवला, हे लपवून काय करू.

घेतलं मात्र दुसरंच. रूगर. दुसऱ्या महायुद्धानंतर बिल रूगरनं एका परतलेल्या मरीनकडचं जपानी ‘बेबी नांबू’ पिस्तूल मिळवलं आणि आपल्या गॅरेजमध्ये त्याच्या दोन हुबेहूब नकला केल्या. त्या विकल्या नाहीत, पण तो घाट त्याच्या हातात राहिला. अलेक्झांडर स्टर्म हा चित्रकार मित्र भेटला, त्यानं 50 हजार डॉलर घातले आणि 1949 साली कनेक्टिकटच्या साउथपोर्टमध्ये त्यांचं पहिलं पिस्तूल तयार झालं. पॉइंट टू-टूचं, साडेसदतीस डॉलरचं. मुठीवरचा लाल गरुड स्टर्मनंच चितारलेला. 1951 मध्ये स्टर्म अकाली वारला, तेव्हा रूगरनं तो गरुड काळा केला. एका बंदुकीच्या कारखान्यानं धरलेलं हे सुतक मला फार आवडतं.

त्या पिस्तुलाचा एक दुर्गुणही तितकाच प्रसिद्ध आहे. साफ करायला उघडलं की पुन्हा जुळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक सुटे भाग रुमालात बांधून दुकानात घेऊन यायचे म्हणे. 2016 साली आलेल्या ‘मार्क फोर’मध्ये मागच्या बाजूला एक बटण आलं; ते दाबलं की सगळं पिस्तूल मधोमध उघडतं. बकमार्कचे मात्र अजून अ‍ॅलन कीनं स्क्रू सोडवावे लागतात. माझी निवड त्या बटणानं केली. तज्ज्ञ मंडळी ह्यावर हसतात, हसोत. जे शस्त्र साफ करायचा कंटाळा येतो ते माणूस वापरायचं सोडून देतो, आणि पॉइंट टू-टू तर भलतंच मळकं. मेण, शिसं आणि अर्धवट जळलेली दारू ह्यांचा राप प्रत्येक वेळी आत बसलेला असतो.

मग तो 4473 नंबरचा फॉर्म. नागरिकत्व कुठलं, तुमच्यावर खटला चालू आहे का, तुम्ही फरारी आहात का, गांजा ओढता का. प्रामाणिक फरारी माणसानं इथं काय करावं, हा विचार माझ्या मनात आलाच. दुकानदार ती माहिती पाठवतो, वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला एफबीआयचं तपासणी केंद्र आहे तिथून होकार येतो आणि पेटी आपल्या हातात. चहा निवायच्या आत.

मला आबांची बंदूक आठवली. आमच्याकडे कुडाळच्या बाजूला भातशेतीवर रानडुकरं उतरतात, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गजानं ठासायची, छर्रे घालायचे, पुन्हा ठासायचं. एवढं होईपर्यंत डुक्कर शेजारच्याच्या वाफ्यात पोचलेलं असे. दसऱ्याला तिला झेंडूची माळ आणि गंध लागे. त्या एका जुनाट नळीसाठी परवान्याच्या नूतनीकरणाच्या किती फेऱ्या! निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागल्यावर परत आणायची. आबा ती पावती पंचांगात ठेवत. दोन्ही देशांच्या पद्धतींत शहाणी कुठली, ह्यावर माझं मत आहे; इथल्या शेजाऱ्यांना ते आवडत नाही.

रेंज आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, दोन टेकड्यांच्या मधल्या बेचक्यात. समोर मातीचा उंच बांध. ‘रेंज हॉट’ अशी आरोळी झाली की सगळ्यांचे कान झाकलेले, डोळ्यांवर चष्मे. ‘रेंज कोल्ड’ झाली की कुणीही शस्त्राला हात लावायचा नाही. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. त्यांचा पहिला धडा जेफ कूपरच्या चार नियमांचा: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही, आणि समोर काय आहे, त्याच्या मागं काय आहे, हे पाहिल्याशिवाय बार नाही. हे त्या पुटपुटल्यासारखं म्हणतात, पण एखाद्याचं बोट नुसतं चापाकडे सरकलं तरी त्यांचा आवाज आख्ख्या खोऱ्याला ऐकू जातो.

तिथं मी एक प्रयोग पाहिला. शेजारच्या पट्ट्यात एक धिप्पाड तरुण नऊ एमएम उडवत होता आणि सगळ्या गोळ्या कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जात होत्या. बाईंनी त्याची मॅगझिन स्वतः भरली, मध्येच एक खोटं काडतूस घालून. कितवं, ते त्याला ठाऊक नाही. दोन बार झाले. तिसऱ्याला नुसती टिक झाली, आणि आवाज नाही, झटका नाही, तरी पिस्तुलाचं नाक चक्क खाली बुडालं. तो स्वतःच अवाक् होऊन हाताकडे बघत राहिला. येणाऱ्या झटक्याला त्याचं अंग आधीच उत्तर देत होतं. खऱ्या बारात ही बुडी दिसत नाही, धडाक्यात झाकून जाते. माणूस दोष पिस्तुलाला देतो, वाऱ्याला देतो, डोळ्यांना देतो. बाईंनी त्याला दिवसभरासाठी आपली पॉइंट टू-टू दिली. तंबोऱ्यावर एकट्यानं गायला बसवावं, तसं ते होतं. मागं बँड नाही, टाळ्या नाहीत; स्वर कुठं हलला ते गाणाऱ्यालाच आधी ऐकू येतं. हेच ते तिसरं कारण. हलक्या गोळीत भीतीला लपायला जागा नाही.

नेम धरणं ही मुळात डोळ्यांची अडचण आहे. मागच्या खाचेत पुढची माशी. तिच्या दोन्ही अंगांना सारखा उजेड, वरच्या कडा एका पातळीत. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर ठरतो. खाच हातभर लांब, माशी जरा पुढे, कागद पंधरा-वीस पावलांवर. तिन्ही एकदम स्वच्छ दिसणं अशक्य. स्वच्छ ठेवायची ती माशी, आणि काळं वर्तुळ पुसट होऊ द्यायचं. ज्याला लागायला हवं तेच धूसर! पहिल्या पहिल्यांदा हे मनाला पटतच नाही. नजर चोरून कागदाकडे धावते आणि तेवढ्यात माशी कुठंतरी भरकटते. हात तर कधीच स्थिर राहत नाही. रक्त वाहतंय, श्वास चालतोय, तो कसा राहील? ते डुलणं तसंच चालू द्यायचं आणि त्याच्या आतल्या आत चाप हळूहळू, सरळ मागं दाबत राहायचं. बार कधी उडणार, हे आपल्यालाही ठाऊक नसावं. उडाला की आपण जरासे दचकतो, आणि तोच बहुधा चांगला गेलेला असतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं हेच पॉइंट टू-टूचं काडतूस वापरून 2013 मध्ये चांगवॉनला 25 मीटर पिस्तूल प्रकारात विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं, आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगलाही. त्या प्रकाराच्या संथ फेरीतलं दहा गुणांचं वर्तुळ पाच सेंटिमीटर व्यासाचं असतं. 25 मीटरवरून, एका हातानं. दुसरा हात खिशात किंवा कमरपट्ट्यात. मी दोन्ही हातांनी, तिच्या निम्म्या अंतरावरून उभी राहते आणि ते वर्तुळ मला कागदावरच्या डागासारखं दिसतं. माझ्या कागदाबद्दल इथं काही लिहिणार नाही.

कधी मध्येच नुसती टिक होते. फुसका बार. ह्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या मध्यावर नसतो, त्या बारीक कडेच्या आतल्या पन्हळीत असतो. ओला असताना गरगर फिरवून तो कडेला पसरवतात. एखाद्या जागी कमी पसरला आणि पिन नेमकी तिथंच आदळली, की संपलं. अशा वेळी नळी बांधाकडेच धरून थांबायचं, अर्धा मिनिट तरी. उशिरानंही पेटू शकतं. ते अर्धं मिनिट फार लांब असतं. कानांवर आवरणं असल्यानं आपलाच श्वास मोठ्यानं ऐकू येतो, बांधावरच्या गवतात एखादी मातकट रंगाची चिमणी उतरते, आणि हातातल्या किलोभर वस्तूचा निकाल अजून लागलेला नसतो.

पॉइंट टू-टूला खेळणं म्हणणारे पुष्कळ भेटतात. नऊ एमएमवाले तर हमखास. पण ह्याच काडतुसांच्या डबीवर छोट्या अक्षरांत छापलेलं असतं की ही गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक आहे. 1968 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर झाडलेल्या, त्यांचा जीव घेणाऱ्या गोळ्या पॉइंट टू-टू रिव्हॉल्वरच्याच होत्या. 30 मार्च 1981 ला वॉशिंग्टनमध्ये रेगन ह्यांच्या फुफ्फुसात घुसली तीही हीच गोळी. अडीच ग्रॅम. ज्या गुणामुळे हे काडतूस शिकायला बरं, त्याच गुणामुळे माणूस त्याच्याशी सलगी करू लागतो, आणि ही सलगी मला नऊ एमएमच्या धडाक्यापेक्षा जास्त भयंकर वाटते. आमच्या घरी पिस्तूल कुलपाच्या पेटीत असतं, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. ‘मग चोर आला तर?’ असं शेजारच्या बाई विचारतात. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. चोरापेक्षा घरातल्या एखाद्या वाईट रात्रीचं भय मला अधिक वाटतं, हे मी त्यांना एकदा सांगितलं. त्या गप्प झाल्या, आणि मग त्यांनी त्यांच्या भावाबद्दल सांगितलं.

रेंजवरून आले की आधी गार पाण्यानं साबण लावून हात धुवायचे, शिसं जायला हवं. मग पंचा अंथरून पिस्तूल उघडायचं. नळीतून ब्रश, मग तेलाची चिंधी. चिंधी पहिल्यांदा काळी निघते, मग राखाडी, मग जवळजवळ पांढरी. नळीतून उजेडाकडे पाहिलं की आतले आटे वळत वळत लांब जाताना दिसतात. नवरा ह्या वेळी पेपर वाचण्याचं नाटक करतो. त्याला ह्यातलं काही नको आहे, आणि तसं त्यानं स्पष्ट सांगितलेलं आहे. पण तेल संपत आलं की नवी बाटली तोच आणतो.

आईला बरेच दिवस सांगितलं नव्हतं. तिला काय वाटेल ह्याची मी नाना तऱ्हांनी कल्पना केली होती: ती घाबरेल, ओरडेल, मुलांची शपथ घालेल. फोनवर सांगितलं, तर ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “तेना डुकर मरतलो काय?”

म्हटलं, नाही. लहान गोळी असते, डुकराला मारायला नको.

“माकडा?”

मारायची नाहीत गं. कागद असतो समोर, त्याला मारायचं.

“कागदाक?” तिनं परत विचारून खात्री करून घेतली. “मगे घेतलंस कित्याक?”

मी माशी, खाच, हाताचं डुलणं असं काहीबाही सांगायला लागले. तिचं लक्ष नव्हतं. निवडणूक लागली होती, आबांची बंदूक भाऊ सकाळीच पोलीस ठाण्यात जमा करून आला होता, आणि ह्या वेळची पावती कुठं ठेवली ते कुणालाच आठवत नव्हतं.